चिकटपट्टी सगळ्यांना

ताई,

तुझं देहदान व्यवस्थित पार पडलं. मेडिकल कॉलेजची गाडी वेळेवर आली, माणसं नम्र होती, सही कुठे करायची तेही बोट ठेवून दाखवलं. दहावं नाही, तेरावं नाही, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली आहे. कधी यायचं, किती वेळ बसायचं, निघताना काय म्हणायचं, हे एरवी सगळं ठरलेलं असतं. तुझ्याकरता येणारे लोक सोफ्याच्या कडेवर टेकतात, चहा नको म्हणतात आणि मग दोन कप पितात. तू असतीस तर त्यांना पाच मिनिटांत वाटेला लावलं असतंस. मला ते जमत नाही, मी ऐकून घेते.

सगळे एकच सांगतात. उषाताईंनी किती लोकांचे प्राण वाचवले. मी मान हलवते. वाचवले असशीलच. पण त्या वाचलेल्यांपैकी एकालाही तुझ्याबरोबर एका घरात राहावं लागलेलं नाही.

तुझ्या ब्लड बँकेतून फोन आला होता. स्मरणिका काढताहेत. धाकटी बहीण म्हणून मी चार हृद्य आठवणी लिहाव्यात अशी विनंती आहे. तुझ्या पदव्या, पदं, पारितोषिकं वर्तमानपत्रात येऊन गेली, ती मी लिहिणार नाही. मी आपलं भांडण लिहिते आहे. भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुला सवयच होती. या वेळी जरा जास्तच लांब गेलीस.

तरुण मुलांना आज खरं वाटणार नाही, पण तू नोकरीला लागलीस तेव्हा हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर रक्त विकणारी माणसं उभी असायची. नातेवाईक धावत बाहेर यायचे, भाव ठरायचा, माणूस आत जायचा आणि दंड चोळत बाहेर यायचा. परत काही दिवसांनी तोच. तू त्यांना कोपराच्या खळीवरून ओळखायचीस. एकेकाला हाकलायला लागलीस तेव्हा त्यांच्या दलालानं तुझी स्कूटर अडवून दम दिला. तू घरी येऊन सांगितलंस, की त्या दलालाचे डोळे पिवळे होते, त्याला स्वतःला कावीळ असणार, आणि तसं त्याला सांगूनही आलीस. आई देवापाशी जाऊन बसली. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता, हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे फारसा येणार नाही.

नव्वदीची ती वर्षं. सदाशिव पेठेत दर दुसऱ्या इमारतीत कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. मी पण केला, आणि एका ऑफिसात चिकटले. सुहास काळे माझ्याच क्लासमधला. त्याला कंपनीत नोकरी मिळाली, अमेरिकेला पाठवणार असं ठरलं, आणि जायच्या आधी लग्न उरकावं म्हणून आमचा साखरपुडा झाला. त्याचे वडील, आप्पा काळे, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सुधारक विचारांचे. त्यांनी आपल्या वडिलांच्या श्राद्धाला जेवणावळ न घालता रक्तदान शिबिर घ्यायचं ठरवलं. कार्यालय घेतलं, दोन्हीकडचे नातेवाईक, शेजारी बोलावले, आणि डॉक्टर म्हणून तुला. भावी सून पहिलं रक्त देणार, अशी त्यांनी माइकवरून घोषणाही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तू पडद्यामागे बसली होतीस. मी आत आले तर मला, सख्ख्या बहिणीला, परक्या माणसाला विचारावेत तसे सगळे प्रश्न विचारलेस. ताप, कावीळ, औषधं, पाळी, सगळं. आपण एकाच खोलीत झोपायचो. मला हसू येत होतं. मग तू डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिलीस, पेन खाली ठेवलंस आणि म्हणालीस, तुझं रक्त आज घेणार नाही. कारण माझ्या कानाशी येऊन सांगितलंस, बाहेरच्या नर्सलाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

मी म्हटलं, ठीक आहे, मग दोन मिनिटं इथेच आडवी होते, हाताला कापूस लाव, आणि जाते बाहेर. तू म्हणालीस, "खोटी पट्टी लावत नाही मी. ऊठ."

मी उठले. पडदा सारून बाहेर आले, आणि त्या कार्यालयातल्या प्रत्येक माणसानं आधी माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या कोपराकडे पाहिलं. बाकीचे सगळे नंतर हात दुमडून, कापूस दाबून बाहेर येत होते. मी हात सरळ सोडून उभी. कॉफीच्या टेबलावर सुहासची आत्या होती. तिनं पुढे केलेला कप मागे घेतला आणि म्हणाली, ही कॉफी रक्त दिलेल्यांना आहे गं. वाईट हेतूनं नाही म्हणाली. हिशेबाची बाई होती.

त्या वर्षांत एकच रोग होता, ताई. बाकी सगळे रोग रजेवर गेले होते. भिंतीवर त्याच्या जाहिराती, बसवर त्याच्या जाहिराती, आणि त्याच्यासाठी रक्त तपासतात हे नुकतंच सगळ्यांना कळलेलं. ज्या मुलीला तिच्या स्वतःच्या बहिणीनं परत पाठवलं, तिला दुसरं काय झालेलं असणार? संध्याकाळपर्यंत पेठेचं निदान पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी आप्पा काळे घरी आले. आवाज चढवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. चहाची बशी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "डॉक्टर, आपण फक्त एवढंच सांगा, काळजीचं काही नाही ना?"

"मी कुठल्याही दात्याबद्दल बोलत नाही," तू म्हणालीस.

"अहो, दाता कसली, बहीण आहे तुमची."

"म्हणून तर अजिबातच नाही."

मग मीच बोलले. आईसमोर, आप्पांसमोर, लाज गुंडाळून ठेवून कारण सांगितलं. आप्पांनी ते शाळेतल्या मुलाची सबब ऐकावी तसं शांतपणे ऐकलं, आणि पुन्हा तुझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आणून दाखवते. ते म्हणाले, डॉक्टरांच्या घरात रिपोर्टाला काय तोटा. आम्हाला ताईंचा शब्द पुरे आहे, त्या खोटं बोलत नाहीत हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. त्यांनी एक हो म्हणावं, मुहूर्त आहे तोच ठेवू.

तू उठून आत गेलीस आणि कपबशा विसळायला लागलीस. आयुष्यात पहिल्यांदा.

ते गेल्यावर मी तुझ्या मागे स्वयंपाकघरात आले. म्हटलं, गुपित माझं आहे ना? मग मी परवानगी देते. सांग जाऊन. तू नळ बंद केलास आणि मला समजावायला लागलीस, वर्गात शिकवावं तसं. तू आज परवानगी दिलीस, मी बोलले, की उद्या परत पाठवलेल्या प्रत्येकाला लोक विचारणार, निमाच्या वेळी डॉक्टर बोलल्या, तुझ्या वेळी का नाही? तुला लपवायचं नसेल तर तूही दे परवानगी. आणि जो देणार नाही त्याला गावाबाहेर काढणार. मी सगळ्यांबद्दल गप्प राहिले तरच माझ्या गप्प राहण्याचा अर्थ काही नाही असा होतो.

मग तू त्या वाघोलीच्या ट्रक ड्रायव्हरचं सांगितलंस. तेव्हा वाघोली म्हणजे गावच. भावाच्या ऑपरेशनसाठी रक्त द्यायला आला होता. पहिल्या तपासणीत शंका आली म्हणून तुम्ही त्याला थांबवलं, आणि काउंटरवरचं कोणीतरी बाहेर बोललं. दुसऱ्या तपासणीत काही निघालं नाही. पहिली चुकीची होती. तो निरोप घेऊन तू स्वतः त्याच्या घरी गेलीस, तर घराला कुलूप. बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली, आणि तो नळावर पाणी भरू देत नाहीत म्हणून ओढ्यावर. तुला म्हणाला, "बाई, म्या रगात द्यायला आलो व्हतो. माजं चुकलं काय?"

तुझा आवाज बदलला होता. माझा नाही बदलला. मी म्हटलं, त्याची बायको गेली म्हणून माझा नवरा घालवतेस? आणि म्हटलं, न सांगता वाचवता आलं असतं. टोचायचं, रक्त घ्यायचं, आणि मागच्या मागे ओतून द्यायचं. कोणाला काय कळणार होतं? तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, तुला वाईट वाटतं आहे. तुला कल्पना सुचत होती.

आईनं तुझ्याशी बोलणं टाकलं. स्वयंपाक करायची, तुला वाढायचीही, पण भाजी आणखी हवी का हे मला विचारायला लावायची. तुला हवी असायची तरी तू नको म्हणायचीस. शेवटच्या आजारात एकदाच तिनं तुला थेट सुनावलं. जगाचं रक्त नितळ करतेस आणि घरातलं नासवलंस, असं. तू तिचा रक्तदाब घेत होतीस. घेतलास, लिहिलास, पट्टा गुंडाळून ठेवलास.

सुहास एकदा येऊन गेला. जिन्यात उभा राहिला. म्हणाला, ताईंनी बाबांना एकदा सांगितलं की झालं गं. मी म्हटलं, ताई वर आहे, तूच विचार. त्याच्यानं तेवढ्या पायऱ्या चढवल्या नाहीत. पुढे ठरल्याप्रमाणे अमेरिकेला गेला. त्याच्या पोटाचा घेर आता मला इंटरनेटवर दिसतो. नंतर दोन-तीन स्थळं आली, त्यांनी चौकशी केली, आणि ती परत आली नाहीत. मग आम्ही विचारायचं बंद केलं.

आणि मग, ताई, तू तो पेपर लिहिलास.

घरी कॉम्प्युटर मी घेतला होता, तुला टंकायला येत नव्हतं. रविवारी दुपारी तू सांगायचीस आणि मी टंकायचे. शिबिरात कोणाला नाकारलं हे चारचौघांना कसं कळतं, त्यामुळे लोक खरी माहिती कशी दडवतात, आणि त्यातून दूषित रक्त कसं आत येतं. माणूस लाजेनं खोटं बोलला की सगळ्या तपासण्या तोकड्या पडतात, हे तुझं म्हणणं. त्यात एक परिच्छेद आला. एका कौटुंबिक शिबिरात एका तरुण अविवाहित स्त्रीला नाकारण्यात आलं, आणि ती पट्टीशिवाय बाहेर आल्याने. माझी बोटं थांबली. तू चष्मा पुसत होतीस. म्हणालीस, हं, पुढे.

मी टंकलं. इंग्रजीत होतं, त्यामुळे माझ्याशी त्याचा संबंध नसल्यासारखं वाटत होतं. तुझी एक चूकही दुरुस्त केली. शेवटी विचारलं, या बाईचं पुढे काय झालं ते नाही लिहायचं? तू म्हणालीस, "तो या पेपरचा विषय नाही."

तो पेपर गाजला. तू परदेशात जाऊन वाचलास, येताना मला स्वेटर आणलास. तुझ्या शिबिरांतून नियम झाला. कोणी रक्त देवो न देवो, पडद्यामागे आलेल्या प्रत्येकाच्या कोपरावर कापूस आणि चिकटपट्टी, प्रत्येकाला कॉफी, प्रत्येकाला बिस्किट. आणि ज्याला चारचौघांत मागे फिरता येत नाही त्यानं रक्त द्यावं, नंतर एकट्यानं कागदावर खूण करून सांगावं की माझं वापरू नका. ते मागच्या मागे ओतून द्यायचं. माझंच वाक्य होतं ते, मी भांडताना ओरडून म्हटलेलं. तळटीप तरी द्यायचीस.

हिंजवडीला त्या मोठ्या कंपनीत तू शिबिर घेतलंस तेव्हा मी बरोबर होते. निवृत्तीनंतर मला दुसरं काम नव्हतं आणि तुला डबा कोणीतरी द्यायला हवा होता. तिथल्या एका चुणचुणीत मुलीनं तुला विचारलं, "मॅम, जे रिजेक्ट झालेत त्यांना पण बँडेज का? टोटल कन्फ्यूजन होतंय." तू म्हणालीस, "होऊ दे. त्यासाठीच आहे." मी खुर्चीत बसून बाहेर येणाऱ्या मुलांचे हात बघत होते. सगळे सारखे दुमडलेले. कोणी दिलं, कोणी नाही, मला ओळखता येईना. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि ते तुला कळू दिलं नाही. आनंदानं की रागानं, ते मलाही कळलं नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर हेही लिहायला हवं. माझं गर्भाशय काढलं तेव्हा मला रक्त चढवावं लागलं. बाटली तू स्वतः घेऊन आलीस. अर्धवट शुद्धीत मला तुझा चेहरा दिसला आणि तू विचारलंस, नाव? मी म्हटलं, आंधळी झालीस का? तू म्हणालीस, पूर्ण नाव सांग, त्याशिवाय लावणार नाही. मी सांगितलं. तू बाटलीवरचं वाचलंस, परत विचारलंस, परत वाचलंस. पहिला थेंब पडल्यापासून तू माझी नाडी धरून बसलीस, आणि बाटली संपेपर्यंत सोडली नाहीस. हजारो लोकांना रक्त दिलेली बाई तू. त्या दिवशी मला वाटलं, ही मला मरू देणार नाही. जगू दिलं असतंस तर आणखी बरं झालं असतं, पण मरू देणार नाही हे नक्की.

आता तुझी पाळी आली. पोटात रक्तस्राव सुरू झाला आणि तुला रक्त लागलं. तुझ्या जुन्या हॉस्पिटलात खाट नव्हती, जिथे मिळाली तिथे नेलं. काउंटरवरचा पोरगा मला म्हणाला, आजी, बदल्यात दोन डोनर आणा, मग पिशवी देतो. नातेवाइकांना असं वेठीला धरू नका, वेठीला धरलेला माणूस खरं सांगत नाही, हे तू जन्मभर ओरडून सांगितलंस. त्याला तू कोण ते माहीत नव्हतं. मी वर येऊन तुला सांगितलं. तुझ्यात बोलायचं त्राण नव्हतं, तरी म्हणालीस, "भांड."

मग मी भांडले. अशी भांडले, ताई, की त्यांचा मोठा डॉक्टर खाली आला. इतक्या वर्षांची तालीम होती, वाया गेली नाही. पिशव्या मिळाल्या, तुला चढल्या, आणि दोन दिवस तू टवटवीत दिसलीस. तेव्हाच मी विचारलं. मरणाऱ्या माणसाला विचारू नये असं म्हणतात, पण तू कोणाला कधी सवलत दिलीस? मी म्हटलं, आता तरी म्हण, चूक झाली.

तू चष्मा मागून घेतलास. म्हणालीस, "पट्टी लावायला हवी होती. सांगायला नकोच होतं."

अर्धी चूक. आयुष्य पूर्ण गेलं, आणि चूक अर्धी. मी म्हटलं, झोप आता. उरलेल्या अर्ध्याबद्दल सकाळी बोलू असं ठरवलं होतं मी. सकाळी तू बेशुद्ध होतीस.

काल खालच्या मजल्यावरच्या मंदाकाकू आल्या होत्या. त्या दिवशी कार्यालयात त्या होत्या, पहिल्या रांगेत. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता उषा गेली. आता सांगायला काय हरकत आहे गं? काय झालं होतं तुला?"

इतकी वर्षं हा प्रश्न कोणी उघड विचारला नव्हता. मी वाट पाहत होते. उत्तर तोंडात तयार होतं, तुझ्या कानगोष्टीतल्याच शब्दांत. पण काकू थांबल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्या शेजारी तो नागपूरकडचा मुलगा राहतो ना, आयटीतला, तो परवा कुठल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिराला गेला होता. रक्त दिलेल्या सगळ्यांना हेल्मेट मिळालं, हा हात हलवत आला. विचारलं तर बोलत नाही. माणसानं कसं सरळ सांगून टाकावं. तू सांगितलंस ना, की मी त्यालाही म्हणेन, बघ, निमाताईंनी सांगितलं, तुला काय झालं सांगायला?

मी म्हटलं, काकू, तुमचा चहा निवतोय.

त्यांनी माझा हात सोडला. पदरानं पुसल्यासारखं केलं, नकळत असेल. इतक्या वर्षांनी त्यांची खात्री पटली. आज सकाळी जिन्यात दोघी-तिघी बोलत होत्या, मला पाहून गप्प झाल्या. त्या पोराचं नावही मला माहीत नाही, आणि त्याच्यापायी माझं नाव पुन्हा एकदा गेलं. या लेखातही मी कारण लिहिलेलं नाही. स्मरणिका वाचणाऱ्यांनी काय समजायचं ते समजावं.

तू असतीस तर हे तुला सांगितलं असतं, तू मान डोलावून बरोबर केलंस म्हणाली असतीस, आणि त्या रागात मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नसते. पण आता ताई, अबोला धरायलाही घरात कोणी उरलेलं नाही.

निमा